पूल पडला तरी चालेल, वाघिणी परत पाठवा

गणपतीत कोकणात रेल्वेने जाणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. गाडी छान पळत असते आणि मधल्याच एखाद्या लहानशा स्टेशनात येऊन गप्प उभी राहते. कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. वीसेक मिनिटांनी डब्यातला एखादा जाणकार खिडकीतून डोकं आत घेत जाहीर करतो, "क्रॉसिंग आहे." समोरून एक गाडी धडधडत निघून जाते. आपली तरीही हलत नाही. "मागून स्पेशल आहे अजून एक," जाणकार सांगतो आणि डबा उघडून चकली काढतो. दरड कोसळलेली नसते, इंजिन ठणठणीत असतं, रूळ जागच्या जागी असतात. मग दोन तास जातात कुठे?

या कोड्याचं फार सुरेख उत्तर अमेरिकेतल्या काही हौशी माणसांच्या घरांत, बहुधा तळघरात, मांडून ठेवलेलं असतं. ही माणसं खेळण्यातली रेल्वे चालवतात, पण खेळण्यासारखी नाही. त्यांतले काही जण तर अमेरिकेच्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धातली, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळातली रेल्वे चालवतात आणि ती मुद्दाम बिघडवतात. युद्धात रेल्वे कशी कोलमडते हे टेबलावर दाखवायचं तर फटाके वाजवावे लागतील असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात त्यांना लागतात कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक घड्याळ.

पात्रं, कथानक आणि घाईत असलेलं घड्याळ

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८पासून. तिथे आपण प्रेक्षक असतो. गाड्या धावतात, दिवे लागतात, मुलं टाळ्या वाजवतात. मी ज्या प्रकाराबद्दल सांगतो आहे त्यात प्रेक्षक नसतातच. पाच-दहा माणसं जमतात आणि प्रत्येकाला एक नोकरी मिळते. कोणी ड्रायव्हर, कोणी गार्ड, कोणी यार्डमास्तर. एक जण वेगळ्या खोलीत बसतो, त्याला रूळ दिसत नाहीत. तो डिस्पॅचर, म्हणजे सगळ्या मार्गावरच्या गाड्यांचा नियंत्रक. या प्रकाराला ते 'ऑपरेटिंग सेशन' म्हणतात. फ्रँक एलिसन या अमेरिकन हौशी रेल्वेकाराने १९४४च्या सुमारास लिहिलेल्या लेखमालेत याची तुलना नाटकाशी केली होती: मांडणी हा रंगमंच, गाड्या ही पात्रं आणि वेळापत्रक हे कथानक. ही उपमा अजून टिकून आहे, कारण ती अचूक आहे.

नाटकात काळ जसा आवळून घेतात तसा इथेही आवळतात. भिंतीवरचं खास घड्याळ चौपट वेगाने धावतं, म्हणजे तीन तासांच्या खेळात बारा तासांचा दिवस उरकतो. अंतरही आवळावं लागतं. 'ओ' मापाची गाडी खऱ्या गाडीच्या १/४८ असते. या मापात एक मैल म्हणजे साधारण साडेतेहेतीस मीटर. पंधरा मैलांचा रेल्वेमार्ग जसाच्या तसा करायचा तर पाचशे मीटर लांबीची खोली हवी! म्हणून मधली शेतं गाळतात आणि स्टेशनं ठेवतात. घोळ स्टेशनातच होतात, शेतात नाही.

तिसरी गोष्ट चिठ्ठीची. प्रत्येक वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, एक कार्ड असतं. कार्डाला खिसा असतो आणि खिशात चिठ्ठी: 'धक्क्यावरून घोड्यांचा चारा, छावणीकडे.' चारा पोचला की चिठ्ठी उलटायची. मागे लिहिलेलं असतं, 'रिकामी, धक्क्याकडे परत.' ही मागची बाजू लक्षात ठेवा, सगळी गंमत तिच्यात आहे.

चाळीतला जिना

एकेरी रूळ समजून घ्यायचा तर जुन्या चाळीचा लाकडी जिना आठवावा. एक जण कपाट घेऊन वर चाललाय, दुसरा पलंग घेऊन खाली येतोय. पायऱ्यांवर दोघं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, एकाने मधल्या चौकात अंग चोरून थांबायलाच हवं. रेल्वेत हा चौक म्हणजे स्टेशनातली लूप लाइन, मुख्य रुळाला समांतर असलेली थांबायची जागा.

आता समजा, दोन चौकांमधलं अंतर कापायला गाडीला चाळीस मिनिटं लागतात. वरून येणारी गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली, तर खालची तिची वाट पाहत तेवढीच अडकते. या खालच्या गाडीची पुढच्या चौकात तिसरी गाडी वाट पाहत असते, ती अडकते. एका गाडीचा उशीर असा दोन्ही दिशांना पसरतो, आणि ज्यांनी काहीच चूक केलेली नाही त्यांच्याकडे पोचतो.

हे झालं साधं दुखणं. जीवघेणं दुखणं वेगळं आहे. चौकातच कोणी जुना पलंग कायमचा टाकून ठेवला तर? अंग चोरायला जागाच नाही. दोन गाड्या समोरासमोर, दोघींच्याही मागे आणखी गाड्या, आणि मागे सरकायलाही वाव नाही. सगळं शाबूत असून सगळं बंद.

अशी गाठ पडू नये म्हणून तारायंत्र येण्याआधी, आणि नंतरही, नियमांची एक उतरंड असे. कोणती गाडी वरच्या दर्जाची, दोन सारख्या दर्जाच्या गाड्यांत कोणत्या दिशेची मोठी, हे वेळापत्रकातच छापलेलं असायचं. लहान गाडीने मोठीला जागा करून द्यायची; ती आली नाही तर वाट पाहायची. डिस्पॅचर तारेवरून लेखी हुकूम देऊन हा क्रम बदलू शके. पण तार तुटली की हातात उरतं फक्त छापील वेळापत्रक. वेळापत्रकाला काल रात्री काय घडलं ते ठाऊक नसतं.

किंग्स्टनचं लाल निशाण

वेळापत्रक असं खोटं पडण्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण १२ एप्रिल १८६२ या दिवसाचं. जेम्स अँड्र्यूज या उत्तरेच्या हेराने वीसेक साथीदारांसह जॉर्जियातल्या बिग शँटी या स्टेशनावर 'जनरल' नावाचं इंजिन पळवलं. प्रवासी आणि कर्मचारी न्याहारीला उतरले होते. बेत असा, की चटानूगाच्या दिशेने जात वाटेतले पूल जाळायचे, तारा तोडायच्या, आणि दक्षिणेचा हा महत्त्वाचा मार्ग निकामी करायचा. बस्टर कीटनचा १९२६चा 'द जनरल' हा मूकपट याच प्रसंगावर बेतलेला आहे, त्यामुळे पाठलागाचा भाग पुष्कळांना माहीत असतो. गार्ड विल्यम फुलर आधी पायी धावला, मग ढकलगाडीवर, मग एकामागून एक मिळतील त्या इंजिनांवर. शेवटचं 'टेक्सस' तर त्याने उलटं पळवलं.

पण डाव फसला तो पाठलागापेक्षाही किंग्स्टन स्टेशनात. अँड्र्यूजजवळ वेळापत्रक होतं आणि तो ते काटेकोर पाळत होता. किंग्स्टनला समोरून येणाऱ्या मालगाडीसाठी थांबायचं, हे त्याला माहीत होतं. मालगाडी आली. तिच्या शेवटच्या डब्यावर लाल निशाण होतं. रेल्वेच्या भाषेत त्याचा अर्थ: माझ्यामागे आणखी एक गाडी आहे, वेळापत्रकात नसलेली. थांबणं भाग पडलं. ती दुसरी आली, तिच्याही मागे लाल निशाण! तासाभराहून जास्त वेळ हा चोर चोरलेल्या इंजिनावर, शत्रूच्या स्टेशनात, दारूगोळा घेऊन चाललोय अशी थाप मारत उभा राहिला. क्रॉसिंग होतं ना.

या जादा गाड्या आल्या कुठून? आदल्याच दिवशी उत्तरेच्या सैन्याने अलाबामातलं हंट्सव्हिल घेतलं होतं. त्यामुळे घाबरून दक्षिणेवाल्यांनी चटानूगाकडचा माल खाली हलवायला घेतला होता. म्हणजे अँड्र्यूजला अडवलं ते त्याच्याच बाजूच्या विजयाने. बेत खरं तर ११ तारखेचा होता, पावसामुळे एक दिवस लांबला. त्या पावसाने पुढे पूलही भिजवून ठेवले आणि ते पेटले नाहीत. सत्त्याऐंशी मैलांनंतर इंजिनाचं सरपण संपलं. अँड्र्यूजसह आठ जणांना फाशी झाली.

खेळात हा प्रसंग मांडायला काय लागतं? एका खेळाडूच्या हातात गुप्त चिठ्ठी, आणि दोन मालगाड्यांच्या शेपटीला लाल कापडाचा तुकडा. बस. वेळापत्रक खरं आहे असं समजून निघालेल्या माणसाला ते खोटं पडताना बघणं, यापेक्षा युद्धाचं अधिक खरं चित्र टेबलावर उभं करता येणार नाही असं माझं मत आहे.

पूल पाडणं सोपं, आणि थोडं कंटाळवाणं

नवशिक्या मांडणीकाराला पहिला मोह होतो पूल उडवण्याचा. तो मोह समजण्यासारखा आहे, कारण पुलांच्या कथा खरोखर थरारक आहेत. व्हर्जिनियात पोटोमॅक नदीवरच्या अक्विया धक्क्यापासून फ्रेडरिक्सबर्गपर्यंत पंधरा मैलांच्या आसपासचा मार्ग होता. एप्रिल १८६२मध्ये माघार घेताना दक्षिणेच्या सैन्याने धक्का जाळला, रूळ उखडले, पूल पाडले. उत्तरेच्या युद्धमंत्र्यांनी, एडविन स्टँटन यांनी, हर्मन हॉप्ट यांना बोलावलं. हा मनुष्य वयाच्या अठराव्या वर्षी वेस्ट पॉइंटहून पदवी घेऊन बाहेर पडलेला, पूलबांधणीवर ग्रंथ लिहिलेला अभियंता. पोटोमॅक क्रीकवरचा सुमारे चारशे फूट लांब आणि ऐंशी फूट उंच पूल त्यांनी आसपासच्या जंगलातलं लाकूड तोडून, सुतारकाम न येणाऱ्या सैनिकांच्या हातून, नऊ दिवसांत उभा केला. तो पाहून राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी वॉशिंग्टनला परतल्यावर सांगितलं की, या पुलावरून भरलेल्या गाड्या जातात आणि त्यात वालाच्या काठ्या नि मक्याची ताटं यांच्याशिवाय काही नाही.

'ओ' मापात हा पूल अडीच मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच होतो. मांडणीत देखणा दिसतो. पण हिशेब करा: नऊ दिवस म्हणजे २१६ तास, चौपट घड्याळातही चोपन्न. तितका वेळ कोण बसणार? म्हणून शहाणा मांडणीकार पूल पाडतो दोन खेळांच्या मध्ये, आणि खेळ सुरू होतो तो पुलाच्या अलीकडे गाड्या थांबवून, माल खेचरांच्या गाड्यांवर चढवण्यापासून.

खेळात शोभते ती लहान मोडतोड: शे-दोनशे फूट रूळ उखडलेले. इथे एक बारकावा आहे. स्लीपरची होळी करून रूळ तापवायचा आणि झाडाभोवती वाकवायचा, ही उत्तरेचे जनरल शर्मन यांच्या सैनिकांची प्रसिद्ध रीत. पण वाकवलेला रूळ पुन्हा तापवून, ठोकून सरळ करता येतो. म्हणून हॉप्ट यांच्या माणसांनी लोखंडी आकडे बनवले आणि रूळ पिळायला सुरुवात केली, ओलं धोतर पिळतात तसा. पिळलेला रूळ कारखान्यात पुन्हा लाटल्याशिवाय कामाचा नाही. खेळात फासा टाकतात: रूळ वाकलेला निघाला तर घड्याळाचे दोन तास दुरुस्ती. पिळलेला निघाला तर नवे रूळ आणायला वेगळी गाडी सोडायची. आणि त्या गाडीलाही याच जिन्यावरून, इतरांना चौकात थांबवत, जायचं असतं. दुरुस्तीच नवा खोळंबा घेऊन येते. डिस्पॅचरच्या कपाळावर घाम दिसायला लागतो तो इथे.

वाघिणीत झोपलेले साहेब

हॉप्ट यांचा खरा वैताग मात्र शत्रूवर नव्हता. तुटलेलं कसं जोडायचं हे त्यांना येत होतं. त्यांना छळलं ते स्वतःच्याच बाजूच्या अधिकाऱ्यांनी. छावणीजवळ वाघिणी पोचत. अधिकारी त्या रिकाम्या करीनात. डोक्यावर छप्पर असलेलं, चाकांवरचं, फुकटचं गोदाम कोण सोडेल? ऑगस्ट १८६२मध्ये अलेक्झांड्रियाजवळ जनरल सॅम्युएल स्टर्जिस यांनी तर आपल्या तुकडीसाठी गाड्याच अडवून धरल्या आणि पुढे लढणाऱ्या सैन्याची रसद खोळंबली. हॉप्ट यांनी लावलेले नियम म्हणून अगदी गृहिणीच्या शिस्तीचे आहेत: गाड्या चालवण्यात सेनाधिकाऱ्याने ढवळाढवळ करायची नाही, आलेला डबा लगेच रिकामा करून परत पाठवायचा, जेवढे रिकामे होतील त्याहून जास्त डबे पुढे पाठवायचे नाहीत. डबेवाल्याला संध्याकाळी रिकामा डबा मिळाला नाही तर उद्याचं जेवण कशातून जाणार?

जुलै १८६३मध्ये, गेटिसबर्गच्या लढाईच्या वेळी, हा विचार किती दूर जाऊ शकतो ते दिसलं. तिथल्या सैन्याची रसद जायची तो वेस्टमिन्स्टर गावापर्यंतचा २९ मैलांचा मार्ग एकेरी. तारायंत्र नाही, पुरेशा लूप लाइनी नाहीत, पाणी भरायच्या टाक्या नाहीत. दिवसाला तीन-चार गाड्यांची त्याची कुवत. हॉप्ट यांनी क्रॉसिंगच काढून टाकलं. दहा डब्यांच्या पाच गाड्या एकापाठोपाठ एक, एकाच दिशेने सोडायच्या. तिथे भराभर उतरवायच्या. मग पाचही त्याच रांगेने परत. दर आठ तासांनी असा एक ताफा. पाच गाड्या, दहा डबे, तीन फेऱ्या: दिवसाला दीडशे डबे. इंजिनांना पाणी ओढ्यातून बादल्यांनी. हा हिशेब हमालांच्या हातांवर उभा होता. उतरवायला दोन तास जास्त लागले, की पुढचा ताफा समोरून अंगावर.

असे दीडशे डबे थांबले तर काय, हे शर्मन यांच्या आठवणींतल्या हिशेबावरून कळतं. १८६४मध्ये लुइव्हिलपासून अटलांटापर्यंतच्या ४७३ मैलांच्या एकेरी मार्गाने त्यांचं एक लाखाचं सैन्य आणि पस्तीस हजार जनावरं १९६ दिवस जगली. तेवढं सामान खेचरांच्या गाड्यांनी न्यायचं तर ३६,८०० गाड्या लागल्या असत्या, प्रत्येकीला सहा खेचरं. आणि त्या सव्वादोन लाखांच्या आसपास खेचरांनी वाटेत काय खाल्लं असतं?

  

चौकट : जेवणाच्या टेबलावर करून बघा

• टेबलावर खडूने एक रेघ ओढा. रेघेवर चार स्टेशनं: धक्का, पहिलं, दुसरं, छावणी. मधल्या दोन स्टेशनांत एकेक लूप.
• सहा काडेपेट्या म्हणजे तीन गाड्या, प्रत्येकी दोन वाघिणी. पेटीत तांदूळ असेल तर भरलेली. नाणं म्हणजे इंजिन.
• एका चालीत गाडी एकच स्टेशन सरकते. दोन स्टेशनांच्या मध्ये एकावेळी एकच गाडी.
• छावणीत एका चालीत एकच पेटी रिकामी होते. दहा चालींत किती तांदूळ पोचतो ते मोजा.
• आता पुन्हा खेळा, पण छावणीवाल्याने एक पेटी स्वतःकडे ठेवून घ्यायची आणि एका लूपमध्ये एक रिकामी पेटी सोडून द्यायची. रेघेला कुठेही धक्का लावायचा नाही. तांदूळ पुन्हा मोजा.

चिठ्ठ्यांचं तारतम्य

अडथळे आणायची रूढ पद्धत चिठ्ठ्यांचीच. पंच गड्डीतून एक उचलतो: 'दुसऱ्या स्टेशनापलीकडची तार तुटली.' 'कर्नलसाहेबांनी तीन वाघिणी कचेरीसाठी ठेवून घेतल्या.' 'जखमींची गाडी येते आहे, तिला सगळ्यांनी वाट द्यावी.' माझ्या मते एका खेळात अशी एक चिठ्ठी पुरते, फार तर दोन. पाच-सहा काढल्या की प्रहसन होतं; खेळाडू हसतात, आणि कोणत्या अडथळ्याचा कोणता परिणाम ते कळेनासं होतं. एका तुटलेल्या तारेचे पडसाद तीन तास पुरतात. दुसरी अट अशी, की चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवायची नाही. जिथे घडलं तिथल्या माणसालाच सांगायची. बाकीच्यांना ती बातमी उशिराने, अर्धवट, किंवा नुसती गाडी न आल्याने कळायला हवी.

युद्धाचा खेळ करावा का, हा प्रश्न राहतोच. मला वाटतं तो चिठ्ठीच्या मागच्या बाजूने सुटू शकतो. छावणीकडे चारा, दारूगोळा जाई, हे सगळे दाखवतात. परतीच्या 'रिकाम्या' गाड्यांत मात्र जखमी असत. आणि १८६२च्या त्या उन्हाळ्यात फ्रेडरिक्सबर्गहून अक्विया धक्क्याकडे गुलामगिरीतून निसटलेली माणसंही निघाली होती, हजारोंनी, पुढे बोटीने वॉशिंग्टन गाठायला. ज्या मांडणीत परतीच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं असतं तिथे यार्डमास्तर ती वाघीण लूपमध्ये टाकायला कचरतो, असं होऊ शकतं. नियम मात्र तिला मालगाडीचाच दर्जा देतो.

खेळ संपला की दिवे मालवतात, पण गाड्या उचलत नाहीत. जी वाघीण जिथे आहे तिथेच, खिशातल्या चिठ्ठीसकट, उभी राहते. महिन्याभराने मंडळी पुन्हा जमतात, घड्याळ सुरू करतात, आणि कर्नलसाहेबांच्या त्या तीन वाघिणी अजून छावणीतच असतात.